फलाटराव आणि एक क्रियापद

फलाटराव,

पत्राच्या सुरुवातीला तब्येतीची चौकशी करायची असते, ती केली असं समजा. तुमची तब्येत ठणठणीतच असणार. बिघडली असती तर तुमच्या लेकीने ऑफिसात फोन केला असता आणि तो ऑफिसातल्या मशीनने घरांच्या सगळ्या ओळींना ऐकवला असता. तुम्ही लेकीकडे राहायला गेलात, एवढी साधी गोष्ट इथे अजून कुणाला एका दमात सांगता येत नाही. 'फलाटराव गेले' म्हटलं की समोरच्याचा हात छातीवर जातो. मग 'तसे नव्हे हो, लेकीकडे' असं शेपूट जोडावं लागतं. हे शेपूट तुमच्यामुळे चिकटलं आहे, म्हणून तक्रार तुमच्याकडेच करते.

वसाहतीच्या वार्षिक अंकासाठी 'आपल्यातला एक रहिवासी' या विषयावर माझ्याकडे मजकूर मागितला आहे. अट एकच, कुणाचं मन दुखावू नये. म्हणजे अध्यक्षांचं. मी तुमच्यावर लिहायचं ठरवलं आहे, तेव्हा त्या अटीचं काही खरं नाही. तुमची गोष्ट तुम्हालाच ऐकवण्यात अर्थ नाही, म्हणून आता वाचणाऱ्यांकडे तोंड करते. तुम्ही बाजूला बसून ऐका आणि मध्येच 'कृपया लक्ष द्या' म्हणू नका.

फलाटराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. आमच्या निवृत्तांच्या वसाहतीत राहायला आलं की माणसाचं नाव पहिल्या महिन्यातच गळून पडतं आणि त्या जागी दारावरचा नंबर चिकटतो. 'चार नंबरचा गुडघा', 'अकरा नंबरचा जावई', 'सहा नंबरला आज भात नको' अशी इथली भाषा. फलाटराव खरं तर नऊ नंबर. पण त्यांना टोपणनाव मिळालं, आणि नंबराच्या गावात टोपणनाव मिळणं म्हणजे मानपत्रच.

ते मिळालं नोकरीमुळे. एका मोठ्या रेल्वे स्टेशनावर गाड्या येण्याजाण्याच्या घोषणा करण्यात त्यांची सगळी उमर गेली. ज्या खोलीत बसून ते घोषणा करायचे तिला खिडकी नव्हती. समोर माईक, बाजूला फोन, डोक्यावर पंखा. फोनवर कुणीतरी सांगायचं, 'आली', आणि हे सगळ्या स्टेशनाला सांगायचे की आली. तो म्हणायचा, 'गेली', आणि हे सांगायचे की गेली. आयुष्यभर त्यांनी हजारो गाड्या आणल्या आणि घालवल्या, पण कामावर असताना एकही डोळ्यांनी पाहिली नाही.

त्यांची बायको लग्नानंतर एकदा मुद्दाम नवऱ्याचा आवाज ऐकायला स्टेशनावर जाऊन उभी राहिली होती. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाली, "आवाज फार छान होता हो. पण म्हणत काय होतात?" फलाटरावांनी निष्कर्ष काढला की ती नेमकी बिघडलेल्या कर्ण्याखाली उभी राहिली असणार. ती बिचारी जाईपर्यंत त्यांनी तो निष्कर्ष बदलला नाही.

वसाहतीत प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक कर्णा होता. आग लागली तर ओरडायला म्हणून तो बसवला होता, पण इतक्या वर्षांत आग काही लागली नाही. फलाटरावांनी येऊन आठवडा झाला नसेल, ते व्यवस्थापकांना म्हणाले, "साहेब, यंत्र नुसतं ठेवलं की बिघडतं. माणसासारखंच आहे ते." व्यवस्थापकांना सूचना लावत दारोदार फिरायचा कंटाळा होताच. त्यांनी ऑफिसामागची, केरसुण्यांचं कपाट आणि विजेचे मीटर यांच्यामधली चिंचोळी खोली देऊन टाकली. तिलाही खिडकी नव्हती. फलाटरावांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून आमचा दिवस त्यांच्या आवाजाने उघडू लागला. "कृपया लक्ष द्या. खुर्चीवर बसून करायचा व्यायाम, तो शिकवणाऱ्या बाईंच्या गुडघ्याच्या कारणास्तव, अर्धा तास उशिराने सुरू होईल. तपासणीसाठी येणारे डॉक्टर अनिश्चित काळ उशिराने येत आहेत. जेवणघरात एक कवळी सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावी. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." मुलं फोन करत नाहीत, सरकार पत्र पाठवत नाही, पण रोज सकाळी कुणीतरी भारदस्त आवाजात आपल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करतं, याचं सुख लहान नव्हे.

त्यातच कोण बाहेर चाललं आहे तेही सांगायचं असे, म्हणजे जेवणघराला ताटाचा अंदाज येई. गेटावरचा वॉचमन फोन करी, फलाटराव सांगत. व्यवस्था चोख होती. बिघडली ती एका मंगळवारी.

त्या दिवशी वॉचमनचा फोन आला, "काका, तीन नंबर गेल्या."

फलाटरावांनी सवयीने विचारलं, "वेळेवर?"

"वेळेवरच म्हणायचं. गाडी आधीपासून उभी होती."

फलाटरावांनी घसा साफ केला, माईकवर टिचकी मारली आणि घोषणा केली, "कृपया लक्ष द्या. तीन नंबरच्या आजी गेल्या आहेत. जेवणघराने नोंद घ्यावी. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." मग स्टेशनावरच्या शिस्तीप्रमाणे तेच पुन्हा दोनदा सांगितलं.

आता यात त्यांचं चुकलं काय? त्यांच्या स्टेशनावर 'गेली' म्हणजे गेली. गाडी मरत नसते, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत येते. शब्दकोशात या क्रियापदाचे अर्थ रकानाभर सापडतील. आमच्या वसाहतीत मात्र तो शब्द एकाच अर्थाने वापरला जातो, आणि ही गोष्ट तिघांनाच ठाऊक नव्हती: वॉचमनला, कारण तो तरुण होता, फलाटरावांना, कारण ते रेल्वेचे होते, आणि तीन नंबरना, कारण त्या नवी कवळी बसवून घ्यायला मुलाच्या गाडीतून दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या.

वसाहतीने ही बातमी ज्या धीराने घेतली त्याला तोड नाही. जेवणघरात खिडकीजवळची खुर्ची तीन नंबरची. ऊन, वारा, बाग आणि गेटातून कोण आलं, सगळं त्या एका खुर्चीतून दिसतं. घोषणा तिसऱ्यांदा होऊन संपायच्या आत तिच्यावर एक रुमाल पडला. रुमालावर चष्म्याचं घर आलं. चष्म्याच्या घरावर घडी केलेलं वर्तमानपत्र आलं. मग तिथे उभ्या उभ्या वाद सुरू झाला.

"मी आधीपासून सांगून ठेवलं होतं."

"कुणाला सांगितलंत?"

"त्यांनाच. म्हटलं, तुमच्यानंतर मला द्या. हो म्हणाल्या होत्या."

"लक्ष कुठे असायचं त्यांचं? त्या कशालाही हो म्हणायच्या."

तीन नंबरच्या ओट्यावर लिंबाच्या रोपाची कुंडी होती. ती अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने उचलून नेली, पाणी घालायला कुणी नाही म्हणून. अध्यक्ष म्हणजे एका मोठ्या खात्यातून उपसंचालक होऊन निवृत्त झालेले गृहस्थ. 'उप' काढायचा राहून गेला ही त्यांची ठसठस, आणि ती वसाहतीचं अध्यक्षपद घेऊनही थांबलेली नाही. घराला कुलूप होतं. ते बाहेरून होतं, ही गोष्ट कुणाला खटकली नाही. एकाने तेवढं विचारलं, "पण नेलं कधी?" त्यावर "परस्पर नेलं असेल. मुलगा फार कामात असतो," असं उत्तर मिळालं आणि सगळ्यांना पटलं.

दुपारी अध्यक्षांनी ऑफिसात चिठ्ठी पाठवली, 'आज चार वाजता हॉलमध्ये शोकसभा.' नाव लिहिलं नव्हतं, सगळ्या जगाला माहीत असलेलं लिहायचं कशाला. फलाटरावांनी चिठ्ठी वाचून माईकवर सांगितलं, "शोकसभा आपल्या ठरलेल्या वेळेवर सुरू होईल," आणि कुणाची हे न विचारता स्वतःही जाऊन मागच्या रांगेत बसले. गाडी कुठली हे विचारणं त्यांचं काम नव्हतं.

सभा सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. हॉलचं मागचं दार उघडून तीन नंबर आत आल्या. नवी कवळी बोचत होती, तोंड अर्धं बधिर होतं. रिकामी खुर्ची पाहून त्या फलाटरावांच्या शेजारी टेकल्या. पुढे अध्यक्ष बोलत होते, "त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी..."

तीन नंबर हळूच म्हणाल्या, "कोण गेलं हो?"

"काय की. मी फक्त सांगितलं," फलाटराव म्हणाले.

"चांगलं माणूस दिसतंय. कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत म्हणतात."

"त्या तीन नंबरच्या ओट्यावर," अध्यक्षांनी गळा दाटून आणला, "आता संध्याकाळी कुणाची वाट पाहायची?"

मग तीन नंबरनी फलाटरावांकडे पाहिलं.

"तीन नंबर म्हणजे मी ना?"

"तुम्हीच. सकाळी गेला होतात ना तुम्ही?"

"गेले होते."

"मग तेच."

खुलासा दोघांनाही पुरला. इतक्यात सगळे मौन पाळायला उभे राहिले, म्हणून तीन नंबरही उभ्या राहिल्या. उभं राहिल्यावर त्यांना पुढचं टेबल दिसलं. टेबलावर फुलं होती, उदबत्ती होती आणि मधोमध लिंबाची कुंडी होती. त्या शांततेत मागून नव्या कवळीची शिट्टी घेऊन आवाज आला, "ती कुंडी माझी आहे. ती तिथे कशाला आणलीत?"

सहा नंबरना धरून खाली बसवावं लागलं. बाकीच्यांनी मात्र पहिला विचार खुर्चीचा केला. संध्याकाळी जेवायच्या वेळेला रुमाल, चष्म्याचं घर आणि वर्तमानपत्र ज्याच्या त्याच्या खिशात परत गेलेलं होतं. तीन नंबर आपल्या जागेवर बसून दुधात भिजवलेला पाव खात होत्या आणि एकेकाकडे निरखून पाहत होत्या. इतकं वाईट जेवण आमच्या घशाखाली कधी उतरलं नाही.

आता एवढं हसं झाल्यावर कुणाला तरी धरायला हवं होतं. रुमाल टाकणाऱ्यांना धरावं तर ते बरेच जण होते. कुंडी नेणाऱ्याला धरावं तर ते अध्यक्ष होते. उरले फलाटराव.

वसाहतीच्या समितीने आधी सौम्य उपाय केला. ठराव झाला की घोषणांमध्ये 'जाणे' हे क्रियापद कोणत्याही रूपात वापरू नये, त्याऐवजी 'बाहेर पडणे' वापरावं. फलाटराव हुकमाचे ताबेदार. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला ऐकू येऊ लागलं, "सहा नंबरचे काका स्वतःच्या पायांनी बाहेर पडले असून रात्रीच्या जेवणाला हयात असतील." "आज दुपारी दोन वाजता वीज बाहेर पडेल." "मागच्या ओळीतल्या रहिवाशांनी कृपया हॉलकडे बाहेर पडावे." लोक पोट धरून हसले. अध्यक्ष म्हणाले, ही समितीची टिंगल आहे. मी फलाटरावांना विचारलं, "खरं सांगा, मुद्दाम करता?" ते दुखावल्या चेहऱ्याने म्हणाले, "बाई, विजेचं एकदा केलं. बाकी सगळं नियमाप्रमाणे."

मग मशीनची गोष्ट निघाली. व्यवस्थापकांनी कुठूनसं शोधून काढलं की मजकूर टाइप केला की बाईच्या आवाजात वाचून दाखवणारं यंत्र मिळतं. दमत नाही, खोकत नाही, आणि वेळेवर की उशिरा असले प्रश्न विचारत नाही. निर्णयासाठी सर्वसाधारण सभा बोलावली. आदल्या संध्याकाळी फलाटराव बागेतल्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. नेहमी पाठ ताठ, त्या दिवशी खांदे पडलेले.

"माईक काढून घेतला तर मी नुसता नऊ नंबर राहीन, बाई," ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

सभेत व्यवस्थापकांनी मशीनची स्तुती केली. अध्यक्षांनी 'काळाबरोबर चालणं' या विषयावर इतका वेळ भाषण केलं की काळ पुढे निघून गेला. फलाटरावांना बोलायला सांगितलं तर ते उभे राहिले, समोर माईक नाही हे पाहून गडबडले, आणि "मला जे कळवलं ते मी कळवलं" एवढंच म्हणून बसले. उभ्या जन्मात त्यांना समोर माणसं ठेवून बोलायची वेळ आली नव्हती.

मग तीन नंबर उठल्या. "मी गेले होते," त्या म्हणाल्या. कवळी आता बसली होती, तरी 'स' काढताना बारीक शिट्टी वाजायची. "सकाळी गेले होते म्हणून ते म्हणाले गेल्या. संध्याकाळपर्यंत सभा उरकायची घाई त्यांना नव्हती. माझी खुर्ची त्यांना नको होती. माझं कुणी खरं सांगितलं असेल तर या एका माणसाने. त्यांचा माईक राहू दे."

बोलणं इतकं सरळ होतं की कुणाला खोडता येईना. म्हणून कुणी खोडलं नाही, थेट हात वर करायला सांगितलं. मशीनच्या बाजूने वर गेलेल्या हातांत रुमालाचा हात होता, चष्म्याच्या घराचा होता, वर्तमानपत्राचा होता. अध्यक्षांचा तर सगळ्यात आधी. आपली लाज ज्याने पाहिली तो माणूस रोज सकाळी कानाशी बोलायला नको, एवढाच त्या हातांचा अर्थ होता. ठराव मंजूर झाला. फलाटरावांनी माईक पुसून, वायर गोल गुंडाळून व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवला.

मशीन सोमवारी बोलायला लागलं. व्यवस्थापक सवयीप्रमाणे टाइप करतात, 'चहा दु. ४ वा.' मशीनबाई जसंच्या तसं वाचतात, "चहा. दु. चार. वा." शेवटच्या 'वा'ला इतकी दाद असते की चार नंबर रोज मागून म्हणतात, "वा, वा." 'सौ.' दिसला की ती हिंदीतला समजून शंभर म्हणते, त्यामुळे आमच्याकडे 'शंभर अध्यक्ष' नावाच्या एक बाई हळदीच्या रंगाची शाल हरवून बसल्या आहेत. दिलगिरी मात्र कुणी व्यक्त करत नाही. तो मजकूर टाइप करायला वेळ लागतो.

फलाटरावांना रिकामपण सोसेना. ते सकाळी वेळ झाली की उठून पहिल्या ओळीच्या कर्ण्याखाली जाऊन उभे राहत. एके दिवशी मशीनचं बोलणं संपल्यावर ते माझ्या दाराशी आले.

"मला काही कळलं नाही, बाई. नुसता आवाज. माझंही असंच ऐकू यायचं का?"

मला लागट बोलायची सवय आहे, पण खोटं बोलायची नाही. मी म्हटलं, "इथे तुमचं सगळं कळायचं. स्टेशनाचं विचाराल तर मी आयुष्यभर गाड्यांनी फिरले, घोषणेतला एक शब्द कधी कळला नाही. शेजारच्याला विचारूनच गाडी पकडली."

"तुम्ही बिघडलेल्या कर्ण्याखाली उभ्या राहत असाल."

"प्रत्येक वेळेला? प्रत्येक स्टेशनावर?"

त्यांना बायकोची आठवण झाली असणार, कारण ते म्हणाले, "तीही तेच म्हणाली होती." मग लेकीकडे जायचं ठरल्याचं सांगितलं. तिने बरेच दिवस बोलावणं लावलं होतं. "गाडीनेच जाणार आहे. म्हणजे आगगाडीने. माझ्याच स्टेशनावरून. लवकर जाऊन फलाटाच्या मधोमध उभा राहतो, चांगल्या कर्ण्याखाली, आणि ऐकतो. कळतं की नाही ते तुम्हाला फोन करून सांगतो."

"प्रामाणिकपणे सांगायचं," मी म्हटलं.

"मला जे कळेल ते मी कळवेन."

त्यांच्या जाण्याच्या दिवशी निरोपाला फारसं कुणी नव्हतं. तीन नंबर होत्या. लिंबाच्या रोपाला पहिलं लिंबू धरलं होतं, ते त्यांनी कागदात गुंडाळून फलाटरावांच्या हातात दिलं.

आणि फलाटराव, आता पुन्हा तुमच्याकडे वळते. त्या दिवशी आगगाडीचं तिकीट तुमच्या खिशात होतं, ते मी पाहिलं होतं. पण गेटात तुमचे जावई मोटार घेऊन उभे. "एवढं सामान घेऊन फलाटावर कशाला ताटकळायचं, बाबा?" असं म्हणून त्यांनी ट्रंक डिकीत टाकलीसुद्धा. जावयाला नाही कसं म्हणायचं, हे तुम्हाला कुणी फोनवर कळवलं नव्हतं. मोटार वळताना तुम्ही काच खाली करून म्हणालात, "बाई, ते फलाटाचं..." पुढचं इंजिनाच्या आवाजात कळलं नाही.

वॉचमनने ऑफिसात फोन करून सांगितलं, "नऊ नंबर गेले." व्यवस्थापकांनी घाईघाईने टाइप केलं आणि मशीनबाईंनी सगळ्या ओळींना काहीतरी ऐकवलं. जेवणघरात तुमचं ताट मांडलेलं राहिलं, यावरून कुणालाच ते कळलं नसावं. तीन नंबरनी ते उचलू दिलं नाही.

तुमचा फोन अजून आलेला नाही.